खाली उभं राहू नका

काल, मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता मी चर्चच्या दाराशी पोहोचलो. गीतांची पुस्तके एका स्टुलावर रचून ठेवलेली होती. ज्याला हवे त्याने उचलायचे. ती देणारा माणूस आत शवपेटीत होता.

पुस्तक तो दोन्ही हातांनी देत असे आणि मान किंचित लववून म्हणत असे, "सलाम." आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत जुन्या माणसांचा हा रिवाज आहे. लहान पोर असो की पाळकसाहेब असोत, त्याचा सलाम एकाच मापाचा. मलाही तो मिळे: "सलाम, साहेब." दोन तासांनी, नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्यात, तोच माणूस मला म्हणे, "नमस्कार, साहेब." या दोन शब्दांची त्याने कधी अदलाबदल होऊ दिली नाही. हे तो माझ्यासाठी करत होता. याची मला लाज वाटायला हवी होती, आणि ती फार उशिरा वाटली.

कारखान्यात तो क्रेन चालवत असे. तुम्ही अशी क्रेन पाहिली असेल: शेडच्या छपराखाली रुळांवर सरकणारा लोखंडी पूल आणि त्याला लटकलेली चालकाची केबिन. वजन उचलण्यापूर्वी तो केबिनमधून वाकून ओरडे, "खाली उभं राहू नका!" हमालाला ओरडे, तसाच मालकांनाही ओरडे. मालक एकदा पाहुण्यांना घेऊन नेमके हुकाखाली थांबले. याने भोंगा वाजवला आणि वरूनच सांगितले, "शेठ, आधी बाजूला व्हा, मग बोला." पाहुणे हसले. मालक हसले नाहीत. पण बाजूला झाले.

डबाही तो वरच खात असे. झाकण उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करी. खालून पोरे विचारत, "काय ओ, डब्यात काय निघेल याची भीती वाटते का?" तो म्हणे, "आज मीच केलंय. भीती वाटणारच."

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होई. आदल्या संध्याकाळी तो क्रेन धुऊन, पुसून, ग्रीस लावून अशी लखलखीत करी की तिला झेंडूच्या माळेची गरज वाटू नये. पूजा दुसरे कोणी करत. आरती सुरू झाली की तो वर केबिनमध्ये जाऊन बसे. एकदा कोणी ओरडले, "वरून देव दिसतो का?" उत्तर आले, "वरून फक्त टकलं दिसतात." त्यावर आरती म्हणणारेही हसले. त्याचा कोणाला राग नव्हता. तो काय मानतो हे त्याने कधी लपवले नव्हते, म्हणून लोकांनाही ते सोपे जात होते.

लपवले होते मी.

मी त्या कारखान्याचा व्यवस्थापक होतो. माझे आडनाव असे आहे की त्यावरून धर्म कळत नाही. नांदगावहून नोकरीसाठी आलो तेव्हा मुलाखतीत मालकांनी सहज विचारले, "घरी गणपती किती दिवसांचा?" आम्ही ख्रिस्ती आहोत, एवढेच म्हणायचे होते. मी म्हणालो, "दीड दिवसाचा." खरे सांगितले असते तर नोकरी मिळाली नसती, असे मला आजही वाटत नाही. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला असता आणि आम्ही पुढे गेलो असतो.

ते उत्तर मला निवृत्तीपर्यंत सांभाळावे लागले. दरवर्षी मी गणपतीची रजा घेई आणि दार लावून घरात बसे. नंतर रविवार कारंजावरच्या दुकानातून मोदक घेऊन ते कारखान्यात वाटत असे. लोक म्हणत, "वहिनींच्या हाताला चव आहे." हे मी घरी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "निदान दुकानाचं नाव तरी सांगायचं." त्यानंतर तिने कारखान्याबद्दल मला काही विचारले नाही.

आमची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असे. रविवारी कारखाना चालू. म्हणून आम्ही दोघेही रविवारी पहाटेच्या उपासनेला जात असू आणि तिथून कामावर. तो सायकलवर, मी स्कूटरवर. वाटेत मी त्याला मागे टाकून जाई. माझी मागची सीट रिकामी असे. नाताळानंतर तो करंज्यांचा डबा आणी. मी सर्वांसमोर एक उचलून विचारी, "हे सारण कसलं?" तशाच करंज्या माझ्या घरी तळलेल्या असत. तो शांतपणे सांगे, "खोबऱ्याचं, साहेब."

एका नवरात्रात क्रेनची साखळी तुटली आणि लोखंडी साचा खाली कोसळला. खाली कोणी नव्हते, कारण त्याने ओरडून सगळ्यांना आधीच हाकलले होते. पडलेला साचा सर्वांनी पाहिला. कोणी मेले नाही, हे कोणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कुजबुज सुरू झाली की, चालकाच्या हातचा नारळ क्रेनला कधी मिळत नाही, म्हणून हे झाले. मालकांनी आम्हा दोघांना आपल्या खोलीत बोलावले.

"एक नारळ फोडायचा," मालक त्याला म्हणाले. "तुझं काय जातं त्यात?"

"कुणीही फोडा, शेठ, माझी हरकत नाही. क्रेन धुऊन देतो, माळ बांधायला शिडी धरतो. पण पूजा माझ्या हातून होणार नाही."

"अरे, पोरं घाबरलीत. त्यांची समजूत पटायला पाहिजे."

"नवी साखळी द्या, शेठ. समजूत आपोआप पटेल."

हे त्याने बोलायला नको होते. मालक उठून उभे राहिले. "नारळ नाही, तर क्रेन नाही. विचार कर."

त्या केबिनमध्ये त्याचे अर्धे आयुष्य गेले होते. दुसरे काम त्याला येत नव्हते. घाम फुटला होता, तो त्याने बाहीने पुसला. मग म्हणाला, "विचार झालाय, शेठ."

मालक माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा याला. यांच्यात नेमकं काय असतं, तुम्हाला काही माहीत आहे?"

मी म्हणालो, "मला यांच्यातलं काही माहीत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच आठवड्यात त्याने मला चर्चच्या दाराशी पुस्तक दिले होते. एक वाक्य बोलला असता तर मालकांच्या रागाला दुसरा धनी मिळाला असता. तो म्हणाला, "साहेबांना यात कशाला ओढता, शेठ? नाही मी म्हणतोय."

"मग नारळ तुम्हीच फोडा," मालक मला म्हणाले. "खाली नाही. वर, केबिनमध्ये. सगळ्यांना दिसला पाहिजे."

खंडेनवमीच्या सकाळी मी कपाळाला कुंकू लावून, हातात ताट घेऊन क्रेनची शिडी चढलो. क्रेन लखलखीत होती. आदल्या संध्याकाळी तोच ती धुऊन गेला होता. मी केबिनमधल्या दांड्यांना हळदकुंकू लावले. खाली सर्वजण हात जोडून वर पाहत होते. त्यांची श्रद्धा खरी होती. त्या शेडमध्ये खोटे हात फक्त माझे होते. मी नारळ लोखंडी उंबऱ्यावर आपटला, तो फुटला नाही, पुन्हा आपटला.

तेवढ्यात खालून त्याचा आवाज आला, "खाली उभं राहू नका! करवंटी लागेल!" माणसे बाजूला झाली. नारळ फुटला, पाणी माझ्या मनगटांवरून ओघळले. मी उतरायला वळलो तेव्हा तो शिडीच्या तळाशी उभा होता.

"साहेब, कठडा धरा," तो म्हणाला. "हात ओले आहेत तुमचे."

मी कठडा धरून उतरलो. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिले नाही. तो माझ्या बुटांकडे पाहत होता, कारण शेवटच्या पायरीवर तेल होते.

त्याच दुपारी त्याची भंगाराच्या आवारात बदली झाली. आदेशावर सही माझी होती. निवृत्त होईपर्यंत तो तिथे पत्रे आणि सळया वेगळ्या करत राहिला. एकदा मी विचारले, "कसं चाललंय?" तो म्हणाला, "बरं आहे, साहेब. इथं वरून काही पडत नाही." पण शेडमध्ये क्रेनचा भोंगा वाजला की हातातला पत्रा तसाच धरून तो तिकडे पाहत राही.

खंडेनवमीनंतरच्या रविवारी चर्चच्या दाराशी त्याने दोन्ही हातांनी पुस्तक पुढे केले. "सलाम, साहेब." मी खाली पाहतच पुस्तक घेतले. त्यानंतर मी उशिरा जाऊ लागलो, दार मोकळे झाल्यावर, आणि शेवटच्या बाकाच्या टोकाला बसू लागलो. पहिल्याच दिवशी त्या टोकावर एक पुस्तक ठेवलेले होते, पहिल्या गीताच्या पानात खूण घालून. पुढच्या रविवारीही होते. आम्ही दोघे निवृत्त झालो, माझी पत्नी गेली, तरी ते होते. ते कोण ठेवतो, हे मला कोणाला विचारावे लागले नाही. मी त्याचे आभारही मानले नाहीत. आभार मानायचे, तर आधी दुसरे काही बोलावे लागले असते.

काल त्या टोकावर पुस्तक नव्हते.

मी बसलो, तोच शेजारी खैरनार येऊन टेकला. आमचा जुना स्टोअरकीपर. सटाण्याकडचा, मोठ्या आवाजाचा. कारखान्यातून तो एकटाच आला होता.

"साहेब, इथं चपला काढायच्या का?"

"नाही."

"बरं झालं तुम्ही भेटले. आपल्याला यांच्यातलं काही माहीत नाय. कधी उठायचं, कधी बसायचं..."

ते वाक्य माझे होते. ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे मला सहन झाले नाही.

"गीत सुरू झालं की उठायचं," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी यांच्यातलाच आहे, खैरनार. जन्मापासून."

तो हसू लागला. मग मी कधी थट्टा करत नाही हे आठवून थांबला. "आन् तो दीड दिवसाचा गणपती?"

"नव्हता."

"मोदक?"

"दुकानातले."

"लय खाल्ले ओ आम्ही," तो म्हणाला. मग शवपेटीकडे हनुवटी करून म्हणाला, "याला माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तुम्ही क्रेनवर चढलात, तेव्हा हा खालून..." त्याचा हात बाकावर माझ्या हाताशेजारी होता. तो त्याने उचलून मांडीवर घेतला.

गीत सुरू झाले. सगळे उठले, आम्हीही उठलो. गीत मला पाठ होते.

कबरस्तानात मीही एक मूठ माती टाकली. निघताना खैरनारने नमस्कार केला. 'साहेब' म्हणाला नाही.

मी चर्चमध्ये परत आलो. पुस्तके बाकांवर तशीच पडली होती. ती गोळा केली आणि दाराजवळच्या कपाटात रचली. त्या कपाटाचे दार खाली लोंबले आहे. ते उचलून धरल्याशिवाय कडी बसत नाही. तो ते गुडघ्याने उचलत असे. मला जमिनीवर बसून दोन्ही हातांनी उचलावे लागले. कडी लावली.