साडूने निवडलेली जोडी

माझ्या खारबावच्या साडूइतका नशीबवान माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात नाही, आणि याबद्दल मी त्याला कधीच माफ करणार नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. हा भाताच्या बांधावर बसून राहिला, गोदामवाले जमिनीला भाव देत आपल्या पायांनी चालत आले. याचा आंबा तिसऱ्या वर्षी मोहरतो. टेमघरच्या माझ्या गॅलरीत तुळससुद्धा टिकत नाही. मंडळाच्या सोडतीत मिक्सर यालाच लागतो, आणि वर हाच कुरकुरतो, "घरात दोन हायत, तिसरा कुठं ठेवू?" वेड एकच, बैलांच्या शर्यती. माझ्या लेकीला बघायला मुलगा आला, तर याने त्याला अंगणात दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाला, "चालीला बरा हाय."

शिडाची होडी ही मात्र माझी हौस. वीस वर्षं मी नुसते व्हिडिओ बघतोय. दिवाळीच्या फराळाला हे त्याच्यापाशी बोलून बसलो, आणि आठवड्यात याचा फोन, "चल, कॅटामरान घ्यायची हाय." काय जळलो म्हणून सांगू!

अलिबागकडच्या विक्रेत्याकडे दोन होत्या, एक आखूड, एक लांबडी. प्रत्येकीत दोन अरुंद होड्या दांड्यांनी जोडलेल्या, मधे ताणलेली जाळी, वर शीड. "आयला, ही तर जोडी!" म्हणत साडूने दोन्ही होड्यांच्या पाठीवर थाप मारली, पोटं चाचपली आणि विक्रेत्याला विचारलं, "डावी जास्त वढते का उजवी?" तो बिचारा माहितीपत्रक चाळायला लागला.

मग साडू माझ्याकडे वळला. "तू वाचलंयस. कुठली घेऊ?"

मला पक्कं ठाऊक होतं. नवशिक्याला आखूड, रुंद, जाड प्लास्टिकची, छोट्या शिडाची बरी. चिखलात रुतली तरी दोघांना ओढता येते. लांबडी वाऱ्याच्या एका झोतात उलटते. आणि मी मेल्याने सांगितलं, "लांबडी घे." एकदा तरी गावासमोर याची फजिती होऊ दे!

त्याने लांबडीभोवती चक्कर मारली आणि आखूड घेतली.

"तुझा जीव तिच्यावर हाय, कळतंय मला," तो म्हणाला. "पण ती बुजणारी जोडी. पलटली तर मी निघेन पोहून. तुला कुठं पोहता येतंय?"

"माझा काय संबंध?"

"म्हंजे? शीड कोण धरणार? मला न्हाय त्यातलं काय कळत. तुझ्यासाठीच तर घेतली."

खरं काय ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. रविवारी भरतीच्या वेळी तो खाडीच्या काठावर माझी वाट बघत असतो. आधी मला लाइफ जॅकेट चढवतो, पट्टे दोनदा ओढून बघतो, आणि तेवढा वेळ मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.