मागून न केलेला फोन

आमच्या आमदारसाहेबांच्या संपर्क कार्यालयातून कुणी रिकाम्या हाताने जात नाही, असं अभिमानाने सांगतात. खरंच आहे ते. बदली हवी, घ्या पत्र. नेमणूक हवी, पत्र. ड्युटीतून सूट हवी, पत्र. सही केलेले कोरे कागद माझ्या खणात असतात. मी मजकूर टाइप करतो, शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी'. माणूस जिना उतरला की संबंधित कचेरीत आमचा फोन जातो, किंवा जात नाही. फोन गेला तर ते पत्र, नाही गेला तर रद्दी. हे त्या कचेरीला ठाऊक, आम्हाला ठाऊक. ठाऊक नसतं ते फक्त पत्र छातीशी धरून गेलेल्या माणसाला. आणि किरकोळ माणसांसाठी फोन करायचा की नाही, हे मी ठरवायचो. घरीसुद्धा कधी बोललो नाही हे.

टाळेबंदीत जो तो युद्धाची भाषा करत होता. शिक्षकांना चेकपोस्टवर नेमलं आणि आमचा जिना सूट मागणाऱ्यांनी भरला. त्यांत पेठ तालुक्यातल्या शाळेवरच्या एक बाई होत्या. राहायला सातपूरला, घरात त्या आणि वडील, दोघंच. वडिलांचं डायलिसिस चालू. रिक्षा बंद, म्हणून त्यांना स्कूटीवर मागे बसवून, ओढणीने स्वतःशी बांधून त्या दवाखान्यात न्यायच्या. नेमणूक आली थेट गुजरातच्या हद्दीवर. मी पत्र केलं, मन लावून केलं. वाचून त्या म्हणाल्या, "भाऊ, मला स्वतःला इतकं नीट सांगता आलं नसतं."

त्याच आदेशात माझ्या मेहुण्याचं नाव होतं. चांगला धडधाकट माणूस. पण बायकोने सकाळीच बजावलं होतं. फोनवर एका दिवसात दोन नावं सांगितली की पलीकडचे कुरकुर करतात. मी एकच सांगितलं.

बाई हद्दीवर गेल्या. वडिलांच्या फेऱ्या चुकत गेल्या, आणि ते गेले. मेहुणा त्या दिवसांत घरी पाणीपुरीच्या पुऱ्या तळायला शिकला. फुगलेल्या पुऱ्यांचे फोटो पाठवायचा, आणि मी त्या फोटोंना अंगठ्याचा लाईक द्यायचो.

त्यावर कडी म्हणजे, साहेबांनी मतदारसंघातल्या दुःखी घरांना सांत्वनपत्रं पाठवायला सांगितली. बाईंचंही मीच टाइप केलं. 'आपल्या दुःखात मी सहभागी आहे.' ते मात्र खास माणूस पाठवून घरपोच केलं.

परवा त्या आल्या. निवडणुकीच्या ड्युट्या लागल्यात, जिना पुन्हा भरलाय. सूट हवी असेल म्हणून मी कीबोर्ड पुढे ओढला. त्यांनी पिशवीतून दोन्ही पत्रं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"सही सारखीच आहे. यातलं खरं कोणतं, भाऊ?"

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगून टाकलं. खणातले कोरे कागद, फोन, मेहुणा, सगळं. रांग ऐकत होती.

त्यांनी साहेबांच्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हणजे साहेबांपर्यंत गेलंच नव्हतं. मी इतकी वर्षं शिव्या त्यांना देत होते."

मागे एक गृहस्थ नुकतंच घेतलेलं पत्र हातात धरून उभे होते. त्यांनी ते माझ्यापुढे परत सरकवलं.

"आधी फोन लावा," ते म्हणाले. "इथंच. माझ्यासमोर."

मी रिसीव्हर उचलला. बाई जायला उठल्या नाहीत. पलीकडून कुणी बोलेपर्यंत त्या समोरच बसून होत्या.