डेअरीवाल्याचं मांजर

"दूध कोणाचं वाईट करत नाय," असं म्हणत आमच्या नाक्यावरचे डेअरीवाले काका मापातला शेवटचा थेंब तुमच्या किटलीत झटकायचे आणि मग रिकाम्या मापात स्वतःच एकदा डोकावून बघायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही नाक्यावर असेल. त्याला औषध एकच ठाऊक असतं, आणि जगातल्या सगळ्या रोगांनी त्या औषधाला मान द्यावा एवढीच त्याची अपेक्षा असते. झोप येत नाही? दूध. पोरगं गणितात नापास झालं? दूध. वारा फिरून तारापूरच्या कारखान्यांचा तो ओळखीचा उग्र वास बोईसरच्या गल्लीत शिरला, की काका ग्लासच पुढे करायचे. यात त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. मी ज्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो, तिथेही धूर जास्त झाला की साहेब कामगारांना दूध आणि गूळ वाटायचे. धुराड्याला हात लावण्यापेक्षा ते सोपं होतं.

काका मूळचे किनाऱ्याकडच्या एका चिकूच्या वाडीतले. वाटणीत भावांनी झाडं घेतली, यांनी म्हशी घेतल्या आणि बेटेगावला तबेला टाकला. दुधात पाणी घालणाऱ्याला ते माणसात धरत नसत. दूध खरंच उत्तम होतं, त्यामुळे त्यांची बडबड आम्ही दुधाबरोबर फुकट घेत होतो.

तक्रार मात्र त्यांना खपत नसे. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाई एकदा तणतणत आल्या. "तुमच्या दुधाने आमच्या बंटीचं पोट बिघडलंय."

"वैनी, दूध कोणाचं वाईट करत नाय," काका शांतपणे म्हणाले. "पातेलं नीट घासत जावा."

भर रांगेत. बाईंनी पातेलं बदललं, डेअरी बदलली नाही. पण ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं.

काकांना एक वैरीण होती. एक करडी मांजरी रोज कढईवरची साय लंपास करायची, आणि काका तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. 'चोरटी' हे तिचं नाव त्यांनीच ठेवलेलं. एका दुपारी ती नाक्यावर टँकरखाली आली. आम्हाला वाटलं, काका पेढे वाटतील. ते गोणपाट घेऊन रस्त्यावर गेले, तिला उचललं आणि तबेल्यामागे नेऊन पुरलं. 

मग रिकाम्या क्रेटांच्या मागून बारीक आवाज यायला लागला. एकच पिल्लू होतं, डोळे नुकते उघडलेलं, मुठीत मावेल एवढं.

"चोरटीचं हाय," काका म्हणाले. "पन याला चोरी करायची गरज नाय. घरचं दूध हाय."

आता सांगा, अनाथ मांजराने जन्म घ्यावा तर कुठे? थेट डेअरीत! याहून मोठं भाग्य ते कोणतं? पण आठवड्याच्या आतच ते भाग्य पिलाच्या पोटात ठरेना. पोट टम्म फुगलेलं आणि मागून पिवळं पाणी. काकांनी आधी वाटी घासली. मग ड्रॉपर बदलला. मग म्हशीचं बंद करून शेजारच्या तबेल्यातून गाईचं दूध आणलं. शेवटी एक दिवस रांगेकडे पाठ करून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दुधात पाणी घातलं.

रांगेतही वैद्यांची कमी नव्हती. सफाळ्याहून भाजी आणणाऱ्या मावशी म्हणाल्या, "जायफळ उगाळून चाटवा." कारखान्यातला एक वेल्डर म्हणाला, "चाचा, दही खिलाओ, दही." मी दृष्ट काढायला सुचवलं, तेवढंच मला येत होतं. पिल्लू मात्र दिवसेंदिवस सुकत गेलं. मग ओरडायचंही थांबलं. त्या सकाळी काका माप झटकायला विसरले, तेव्हा मी त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि पालघरला गुरांच्या दवाखान्यात नेलं.

पिल्लू त्यांनी दुधाच्या किटलीतच ठेवलं होतं, खाली आपला मफलर घालून. आमच्या पुढे मासवणचा एक शेळीवाला होता. आमची पाळी आली तशी तरुण डॉक्टरीणबाईंनी किटलीकडे पाहिलं. "काका, दूध तपासायचं असेल तर इथे नाही."

"दूध नाय, मांजर हाय."

बाईंनी पिलाचं पोट चाचपलं, कातडी चिमटीत धरून पाहिली. "काय पाजता याला?"

"दूध," काका छाती काढून म्हणाले. "एकदम शुद्ध."

"तेच बंद करा. गाई-म्हशीचं दूध याला पचत नाही. असंच चाललं तर दोन दिवस काढणार नाही हे."

मांजराच्या पिलांसाठी वेगळी पावडर मिळते, ती कोमट पाण्यात कालवून द्या, म्हणाल्या. आणि पाजून झालं की ओल्या कापसाने मागून हळूहळू पुसत राहा. आई चाटते ना, त्याशिवाय इतक्या लहान पिलाला शी-शू नीट होत नाही. काका ऐकत होते. परत येताना उमरोळी आली तशी ते मागून म्हणाले, "शिकलेली हाय ती. पन म्हशीखाली कधी बसली नसंल."

तरी पावडर त्यांनी घेतली. फक्त डब्यावरचं मांजराचं चित्र कोणाला दिसू नये म्हणून ती एका जुन्या स्टीलच्या डब्यात ओतली आणि डबा गल्ल्याखाली लपवला. दुधाच्या दुकानात पिलाला दूध सोसत नाही, हे कोणाला कळलं तर? इतक्या वर्षांत ज्यांना पातेली घासायला लावली, त्या सगळ्या बाया पातेली घेऊन दारात उभ्या राहिल्या असत्या.

पिलाला उतार पडला. काका कढईमागे बसून त्याला पुसायचे आणि माझ्या कानाशी येऊन बातमी द्यायचे, "आज शी बांधून झाली." स्वतःच्या नातवाच्या बारशालाही त्यांचा चेहरा एवढा फुललेला मी पाहिला नव्हता.

आणि नेमकं सेक्रेटरीबाईंनी पाहिलं. पिल्लू नाही, डबा. काका खाली वाकून कोमट पाण्यात पांढरी पावडर कालवत होते. बाईंनी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. खाली ओळ होती : 'बघा, शुद्ध दूध कसं बनतं.' दुसऱ्या दिवशी रांगेत मी आणि तो वेल्डर, दोघेच.

काकांचा मुलगा संतापला. "बाबा, तो डबा पयला फेका. ते मांजर पन तबेल्यावर सोडा. धंदा बसंल."

"तिकडं कोण पुसनार त्याला?"

"मग सांगा ना लोकांना खरं काय ते!"

काका मापात डोकावून बघत राहिले. माप कोरडंच होतं. खरं सांगणं म्हणजे त्यांच्या हिशेबी देव्हाऱ्यात उभं राहून देव नाही म्हणण्यासारखं होतं.

तेवढ्यात सेक्रेटरीबाई समोरून निघाल्या, हातात पिशवीचं दूध. मुद्दाम दिसेल असं धरलेलं.

"वैनी, जरा या," काकांनी हाक मारली. त्यांनी स्टीलचा डबा वर ठेवला, शेजारी मांजराच्या चित्राचा रिकामा डबा ठेवला आणि मफलरातून पिल्लू काढून दोन्ही डब्यांच्या मधे बसवलं. "याच्यासाठी हाय ती पावडर. दूध पचत नाय त्याला."

बाई बघत राहिल्या. मग बऱ्याच दिवसांचं साठलेलं बाहेर आलं. "काय म्हणालात? दूध कोणाचं वाईट करत नाही ना? मग आमच्या बंटीच्या वेळी?"

काकांनी हात जोडले. "सगळ्यांनाच पचतं असं नाय. पातेलं चांगलं व्हतं तुमचं."

मला त्या क्षणी काका फार आवडले. बाईंनी पिलाच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं आणि पिशवीचं दूध घेऊन घरी गेल्या. फोटो ज्या ग्रुपवर टाकला होता तिथेच त्यांनी पिलाचाही फोटो टाकला. आठवडाभरात रांग पूर्ववत झाली. काकांचं 'दूध कोणाचं वाईट करत नाय'सुद्धा परत सुरू झालं. फक्त बाई समोर असल्या की ते मधेच खोकायचे.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या फोटोपुढे वाटीभर दूध ठेवलेलं होतं. मांजर आता चांगलं दांडगं झालं होतं, आईसारखंच करडं. ते वाटीजवळ आलं, हुंगलं, तोंड फिरवलं आणि फोटोला पाठ लावून बसलं.

वाडीकडून आलेल्या एका म्हाताऱ्या आत्याने डोळ्याला पदर लावला. "बगा, मांजर असून दुधाला शिवत नाय. मुक्या जीवाला पन कळतं."

"कळत-बिळत काही नाही हो," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "पचत नाही त्याला. ते स्वतः सांगून गेलेत मला."

एवढं बोलल्या आणि मग त्यांनाच रडू आवरेना.