आवळलाय म्हणजे आवळलाय

"साहेब, मी आवळलाय. पोरांची शपथ."

गायकवाड हे तिसऱ्यांदा सांगत होता. समोर टेबलावर कस्टमरने परत पाठवलेली सीटची फ्रेम, आणि तिच्या चारपैकी एक बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता.

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या सीटच्या फ्रेम बनतात. बोल्ट टॉर्क रेंचने आवळायचा. ठरलेला जोर आला की रेंच 'कट्' करतो. मग मार्करने पिवळी खूण. गंमत म्हणजे ढिल्या बोल्टवरही गायकवाडची खूण होती. दोन वॉर्निंग लेटर त्याला आधीच मिळालेली. तिसरं म्हणजे नोकरी गेली. प्लँट हेड कुलकर्णी साहेबांनी ते टाइपही करून घेतलं होतं.

"खोटारडा आहे," साहेब मला म्हणाले.

मी क्वालिटीत बावीस वर्षं काढलीत. खोटं बोलणारा आधी रेंचला दोष देतो. हा बाबा तर रेंच उत्तम आहे म्हणत होता.

"साहेब, आज घरून निघताना गीझर बंद केलात?" मी विचारलं.

"केला की."

"आजचं आठवतंय, की रोज करता म्हणून सांगताय?"

साहेबांनी घरी फोन लावला. गीझर चालू होता. पलीकडून वहिनी बराच वेळ बोलल्या.

मेंदू हा कामचुकार कारकून आहे. रोज तेच काम असलं की तो आजची नोंद ठेवत नाही. जुनीच पुढे सरकवतो, तीही छातीठोकपणे. गायकवाडने 'कट्' ऐकलं होतं, पण ते दुसऱ्याच कुठल्या तरी बोल्टचं.

मग ठरलं: गायकवाडने आवळताना फ्रेमच्या नंबरातला शेवटचा आकडा आणि बोल्ट कितवा ते मोठ्याने म्हणायचं. "सात-एक, सात-दोन." आकडा बदलत राहतो, त्यामुळे लक्ष द्यावंच लागतं.

"काय राव गायकवाड, हाऊजी खेळताय का?" लाइनवरची पोरं म्हणाली. तो ओशाळला, पण म्हणत राहिला. महिनाभरात एकही बोल्ट ढिला निघाला नाही.

"ते लेटर फाडून टाकतो," साहेब म्हणाले. मला मनापासून बरं वाटलं.

दोन दिवसांनी एचआरने गायकवाडच्या हातात लेटर ठेवलं. सहीशिक्क्यासकट. तो ते घेऊन थेट माझ्याकडे आला. माझं डोकंच फिरलं. तसाच साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो.

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. "मी स्वतः फाडलंय. मला चांगलं आठवतंय."

मी लेटर समोर ठेवलं. सह्यांच्या गठ्ठ्यात त्यांनी त्यावरही सही ठोकली होती. फाडला होता तो कुठला तरी दुसराच कागद. त्यांनी एचआरला फोन केला आणि माझ्यासमोर लेटरचे तुकडे केले.

तेव्हापासून कोणी "मला चांगलं आठवतंय" म्हणालं, की मी त्याला खोटारडा म्हणत नाही. जाऊन बघून येतो.