सुभेदारांची तुकडी पुन्हा सरहद्दीवर

लढाईत मी वायरलेसवर होतो. ऐकलेलं पुढं पाठवायचं, एवढंच माझं काम. ती सवय काही सुटली नाही, म्हणून आष्टीत मला अजून सगळे 'रेडिओ' म्हणतात. आम्ही चार माजी सैनिक रोज सकाळी दूध सोसायटीत भेटतो. तिथं दुधापेक्षा किस्सेच जास्त गोळा होतात. दूध निदान टँकरमधून निघून तरी जातं. किस्से माझ्याकडंच साठतात!

*

सोसायटी आम्हीच काढलेली. चेअरमन अर्थातच आमचे सुभेदार तात्या. एका दुष्काळात किसन हवालदाराच्या दुधात लॅक्टोमीटर भसकन खाली गेला. दुधात पाणी! आम्हाला वाटलं, आता तात्या किसनला उभा फाडणार.

तात्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "किसन, पाणी कावून घातलं ते मागून सांग. आधी हे सांग, ह्या दुष्काळात तुला पाणी गावलं कुठं बे?"

*

त्याच वर्षी ठरलं. एकाहत्तरला जिथं लढलो ती राजस्थानातली जागा डोळे मिटायच्या आत एकदा बघायची. चाळीस वर्षं नुसतं ठरतच होतं. दर वेळी 'धारा कोण काढणार?' इथं गाडी अडायची! आता जनावरं चारा छावणीत होती आणि पोरं तिथंच मुक्कामाला. आम्ही मोकळे!

राहिली घरची परवानगी. आमच्यातला चौथा महादाप्पा. तेव्हा पलटणीचा स्वयंपाकी, आता किराणा दुकानदार. त्यानं बायकोला भीत भीत विचारलं.

ती म्हणाली, "जावा की एकदाचे! आन् येताना ती लढाई तिथंच ठिवून या. चाळीस वर्षं जेवताना तेच ऐकायले मी!"

*

तिथं पोचलो. स्मारकापाशी एक तरुण कॅप्टन हातातल्या छडीनं पर्यटकांना लढाई समजावून सांगत होता. "दुश्मन उस तरफ से आया..."

तात्यांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "साब, उधर से नै. इधर से."

"बाबा, आपको कैसे पता?"

"मैं उनके आगे भाग रहा था ना!"

सगळे हसले. कॅप्टन मात्र हसला नाही. त्यानं टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला आणि छडी तात्यांच्या हातात दिली. तात्या पाऊण तास बोलले, आष्टीच्या हिंदीत. लोकांना किती कळलं देव जाणे, पण टाळ्या लई पडल्या!

*

आमचा खंदक जिथं होता तिथं आता जिऱ्याचं शेत. वाळवंटात कालवा आलाय! आम्ही चौघं बांधावर उभे, नुसते बघतच राहिलो. मग महादाप्पाचा किस्सा निघणारच होता. तोफा चालू असताना हा बहाद्दर चहाची किटली घेऊन खंदकाकडं चालत आलता.

तात्या ओरडले, "मूर्खा, आडवा पड!"

हा तिथूनच म्हणाला, "आडवा पडलो तर चहा सांडंल की!"

शेताची मालकीण आमचं हसणं ऐकून बाहेर आली. तिनं आम्हाला चहा पाजला. किसन तेवढा कालव्याच्या काठावर बसून राहिला. पाण्यात हात घालून म्हणाला, "तवा इथं ओठ वलं करायला पाणी न्हवतं. इथं आलं, म्हंजे आष्टीलाबी येतंय बगा!"

*

आमच्याबरोबर आमच्याच जिल्ह्यातल्या पाली गावच्या गयाबाईही आल्या होत्या. त्यांचे मालक, दगडू, आमच्या तात्यांच्याच हाताखाली होते. त्या लढाईतून ते परत आले नाहीत. प्रवासात बाई दोन दिवस खिडकीबाहेर बघत होत्या.

स्मारकावर दगडूचं नाव सापडलं. गयाबाईंनी पदरानं त्यावरची वाळू पुसली आणि खाली बसल्या. तात्यांना राहवलं नाही. चाळीस वर्षं मनात धरलेलं बोलले, "वहिनी, त्याला परत आणायला पायजे होतं मी. न्हाई जमलं."

बाईंनी वर बघितलं. "आता मला आणलं न्हवं, भावजी?"

मग त्या नावाकडं वळल्या आणि गावाहून आलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलायला लागल्या. "तुमी गेलात तवा पोटात होती ती लेक, अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स हाय. लई लोकांचे आशीर्वाद घेती. तुमच्यावानीच उंच हाय..."

मध्येच थांबल्या. मान वळवून आमच्याकडं बघितलं.

"भावजी, तुमी सगळे जरा तिकडं तोंड करा. आता नवरा-बायकोचं बोलणं हाय."

तात्यांनी घसा खाकरला. छाती पुढं काढली.

"तुकडी... पीछे मुड!"