पोटकायद्यातला ‘पुरुष’

“हा कायदाच मोडून टाका ना, वकीलसाहेब,” मंदाताई म्हणाल्या.

“कायदा मोडला तर पोलीस येतात, मंदाताई. तो रद्द करून घ्यावा लागतो.”

“मंग रद्द करा. मी बसते हितंच.”

आणि त्या खरंच बसल्या. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पेणला माझी वकिली सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. सातबाऱ्यावरची नावं, बांधाचे वाद, अधूनमधून एखादी मारामारी, एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. राज्यघटना मी परीक्षेपुरती वाचली होती, आणि तीही गाइडमधून.

मंदाताई हमरापूरच्या. घरचा धंदा गणपतींचा. नवरा साच्यातून मूर्ती काढायचा, मंदाताई रंगवायच्या. डोळ्यांची आखणी, म्हणजे डोळ्यांच्या त्या बारीक रेघा, त्यांच्याच हातच्या. आखणी चुकली तर देव दचकल्यासारखा दिसतो, असं त्या सांगायच्या. जवळच्या एका गावची नगरपालिका चतुर्थीच्या आधी पंधरा दिवस मूर्तींचा बाजार भरवायची. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याच नगरपालिकेनं मला आपल्या वकिलांच्या पॅनेलवर घेतलं. त्या बाजारात मंदाताईंच्या नवऱ्याच्या नावावर दरवर्षी स्टॉलची जागा मिळायची. स्टॉलवर बसायच्या मात्र मंदाताई.

त्या वर्षी माघात नवरा वारला. मंदाताईंनी स्वतःच्या नावानं अर्ज केला, तर तो शेरा मारून परत आला. नगरपालिकेचा पोटकायदा होता : ‘उत्सवकाळातील जागा पुरुष कुटुंबप्रमुखासच देण्यात येईल.’ पोटकायदा म्हणजे नगरपालिकेनं आपल्या हद्दीपुरता केलेला आणि सरकारची मंजुरी घेतलेला नियम. हा कधीतरी जुन्या काळी झाला होता. सभेला हजर असलेले सगळे पुरुष कुटुंबप्रमुख असावेत.

“तिथले हेडक्लार्क काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हनाले, दिराच्या नावानं अर्ज करा, उद्याच्या उद्या मंजूर करतो.”

“मग करा की. तुमचा दीर हरिभाऊ काही नाही म्हणायचा नाही.”

हा माझा पहिला कायदेशीर सल्ला. त्याबद्दल मी फी घेतली नाही, हे बरं झालं. मंदाताईंनी परत आलेला अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, “आधी नवऱ्याचं नाव व्हतं. आता दिराचं. उद्या पुतण्याचं. गनपती मी रंगवायचे, बाजारात मी बसायचं. माझं नाव कवा येनार, ते सांगा.”

त्या गेल्यावर मी कपाटावरून घटनेचं पुस्तक काढलं आणि धूळ झटकून वाचायला घेतलं.

तेराव्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे की मूलभूत हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल. आणि ‘कायदा’ या शब्दाच्या पोटात पोटकायदाही येतो. चौदावं कलम म्हणतं, कायद्यापुढे सगळे समान. पंधरावं म्हणतं, केवळ बाई आहे म्हणून भेदभाव करायचा नाही. मग भेदभाव झाला, हे ठरवायचं कुणी? त्यासाठी हायकोर्ट. लोकांनी निवडून दिलेल्यांनी केलेला नियमसुद्धा घटनेत बसत नसेल, तर हायकोर्ट तो काढून टाकू शकतं. हे सगळं मला परीक्षेत वीस मार्कांना आलं होतं. पण ते हमरापूरच्या बाईच्या उपयोगी पडेल, असं कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

बाररूममध्ये मी हे बोललो तेव्हा एक ज्येष्ठ वकील म्हणाले, “गणपतीच्या स्टॉलसाठी हायकोर्टात रिट याचिका? अरे, मुंबईत हसतील तुला.” पेणमध्ये तर त्यांनी सुरुवात केलीच होती.

बाजाराला सव्वा महिना राहिला होता. घरात शंभरावर मूर्ती वाळत होत्या. जागा मिळाली नाही तर त्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या दरानं द्याव्या लागणार होत्या. शिवाय उद्या नगरपालिका म्हणाली असती, दीर असताना ही बाई कुटुंबप्रमुख कशी? म्हणून मला आधी हरिभाऊचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. रोह्याच्या कोर्टात माझी एक तारीख होती, त्या दिवशी त्याला तिथंच बोलावलं. हरिभाऊ धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. फर्स्ट शिफ्ट संपवून तो थेट स्कूटरवरून आला.

“काय लिवायचं, सायेब?”

“खरं असेल ते. घराचा कारभार कोण बघतं?”

“वयनी. मी तर पगार पन तिच्याच हातात देतो.”

“आणि तुला हा स्टॉल नको?”

“मना? मना सोंड डावी का उजवी ते बी कळत नाय. शिफ्ट सोडून मी गनपती कवा विकू? फकस्त येक सांगा. हे पेपरात येनार नाय ना? कुटुंबप्रमुख नाय म्हनून लिवून दिलं, तर कंपनीत चिडवतील.”

सोंडेचं मी लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं. त्यानं सही केली आणि ती करताना इकडंतिकडं बघून घेतलं.

हायकोर्टात मी त्याआधी एकदाच गेलो होतो, तेही ट्रिपबरोबर इमारत बघायला. मंदाताई माझ्यापेक्षा निर्धास्त होत्या. त्यांनी एसटीत मला डब्यातली भाकरी दिली आणि म्हणाल्या, “घाबरू नका, मी हाय.”

पहिल्या खेपेला नंबरच लागला नाही. दुसऱ्या खेपेला नगरपालिकेनं उत्तरासाठी मुदत मागितली. तिसऱ्या खेपेला, बाजाराला आठवडा राहिला असताना, दोन न्यायमूर्तींपुढे प्रकरण निघालं. वेळ कमी म्हणून त्यांनी तेव्हाच शेवटची सुनावणी घ्यायचं ठरवलं.

नगरपालिकेच्या वकिलांनी आधी सांगितलं की हा नियम स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहे. बाजारात गर्दी, धक्काबुक्की होते.

“आजवर या स्टॉलवर कोण बसत होतं?” न्यायमूर्तींनी मला विचारलं.

“ह्याच बसत होत्या, माय लॉर्ड. नऊ वर्षं. नाव फक्त नवऱ्याचं होतं.”

“म्हणजे नवरा जिवंत होता तोवर धक्का लागत नव्हता?”

वकिलांनी मग दुसरा मुद्दा काढला. कायद्याच्या भाषेत पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंगही धरतात, असा एक जुना नियम आहे. ‘तो’ लिहिलं की त्यात ‘ती’ पण आली. त्यामुळे इथल्या ‘पुरुष’ या शब्दातही स्त्री येते, सबब पोटकायद्यात भेदभावच नाही.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. “असं असेल तर अर्ज नाकारला कशासाठी?”

वकील कागद चाळू लागले. मागच्या बाकावरून मंदाताईंनी मला खुणेनं विचारलं. मी कुजबुजलो, “ते म्हणतायत, कायद्यानं तुम्ही पुरुषच आहात.”

“मंग तवाच सांगायचं ना,” मंदाताई म्हणाल्या, “मी अर्जात लिवलं असतं.”

त्यांचा आवाज बाजारात बसणाऱ्या बाईचा. तो वरपर्यंत गेला. दुसरे न्यायमूर्ती मराठी होते. त्यांनी मान खाली घालून फाईल फार लक्षपूर्वक वाचली.

निकाल दहा मिनिटांत सांगितला गेला. ‘पुरुष’ हा शब्द चौदाव्या आणि पंधराव्या कलमाच्या विरुद्ध, म्हणून रद्द. बाकीचा पोटकायदा कायम. अर्ज तीन दिवसांत नव्यानं निकाली काढावा. किडका भाग काढून उरलेलं ठेवता येत असेल, तर कोर्ट तसंच करतं.

बाहेर व्हरांड्यात मी मंदाताईंना हे समजावलं. मला वाटलं, त्या खूश होतील.

“म्हंजे येकच शबुद काढला?”

“एकच.”

“येवढ्यासाठी मुंबईच्या तीन खेपा?” त्या म्हणाल्या. मग एकदम कठड्याला टेकल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मी फाईल बांधत राहिलो. तिची दोरी मी तीनदा बांधली.

निकालाची प्रत घेऊन आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो. हेडक्लार्कनी ती सगळी पानं वाचली. एक कागद त्यांनी दोनदा उलटून पाहिला. मग कपाटातून छापील फॉर्म काढून मंदाताईंपुढे ठेवला. वर छापलेलं होतं : ‘अर्जदार पुरुष कुटुंबप्रमुखाचे नाव’.

“अहो, हा शब्द हायकोर्टानं रद्द केलाय,” मी म्हणालो.

“व्हय, वाचलं मी. पण फॉर्मचा स्टॉक शिल्लक आहे. नवीन छपाईला टेंडर काढावं लागेल.”

“मग?”

त्यांनी खिशातलं बॉलपेन काढलं, पट्टी ठेवून ‘पुरुष’वर सरळ रेघ मारली, बाजूला बारीक सही केली आणि फॉर्म पुढे सरकवला. मंदाताईंनी त्यावर आपलं नाव लिहिलं. आखणीचा हात, अक्षर सुरेख होतं. त्या वर्षी बाजारात त्यांचा स्टॉल लागला आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारीच रिकामा झाला. हरिभाऊ सुट्टीच्या दिवशी येऊन मूर्ती उचलून द्यायचा.

आता तरुण वकील मला विचारतात की घटनाबाह्य कायदा रद्द करण्याचा अधिकार नेमका कुणाला असतो. मी सांगतो, हायकोर्टाला आणि सुप्रीम कोर्टाला. पण तालुक्यात प्रॅक्टिस करायची असेल, तर हेडक्लार्कशीही ओळख ठेवा.