ताकातली गोळी

मंडळी, घरी कुणी वाचू नये, म्हणून नेरुळच्या सायबर कॅफेत येऊन ग्रुपवर लिहितेय. मला ओरडा, पण उत्तर द्या.

माझ्या नवऱ्याला हाय बीपी आहे. ॲक्युपंक्चरने बीपी उतरतं का, याची एके ठिकाणी चाचणी चालू होती, तिथे ह्यांनी नाव दिलं. अट अशी की सहा आठवडे गोळ्या बंद, फक्त सुया.

माझे सासरे बीपीच्याच झटक्याने अंथरुणाला खिळले होते. पाच वर्षं त्यांचं सगळं मी केलं. मला राहवलं नाही. रोज जेवताना ह्यांच्या ताकात मी गोळी कुटून घालत होते.

आज शेवटची तपासणी होती. बीपी एकदम नॉर्मल! डॉक्टरांनी दोनदा विचारलं, "एकही गोळी घेतली नाही ना?"

"बायकोला विचारा," हे ऐटीत म्हणाले. "गोळ्या तिच्याच कपाटात आहेत."

मी म्हणाले, "एकही नाही."

शेजारच्या खाटेवर उरणचे शौकतभाई होते. गुडघ्यासाठी सुया टोचून घेतात, बीपी त्यांनाही आहे. ते उठूनच बसले. "वहिनी, उद्यापासून माझ्या पन गोळ्या बंद!"

हे त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बिनधास्त बंद करा. टेन्शन नाही."

खरं सांगितलं तर हे पुन्हा माझ्या हातचं ताक पिणार नाहीत. नाही सांगितलं, तर शौकतभाईंच्या ताकात गोळी कोण घालणार?